युकी-ओन्ना : न सांगण्याची अट आणि सांगितलेली गोष्ट

या टिपणात आपण एकच छोटी गोष्ट नीट वाचणार आहोत. ‘युकी’ म्हणजे बर्फ, ‘ओन्ना’ म्हणजे स्त्री. युकी-ओन्ना ही जपानी लोककथांमधली हिमस्त्री. तुमच्यापैकी अनेकांना ती दुसऱ्या रूपात आधीच भेटली असेल. पोकेमॉनमधली फ्रोसलास उघडच तिच्यावर बेतलेली आहे, आणि अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांना पांढऱ्या किमोनोतली, फिकट चेहऱ्याची, फुंकर मारून गोठवणारी बाई काही नवीन नाही. पण अशा बहुतेक ठिकाणी ती ‘सुंदर, थंड आणि घातकी’ एवढ्या तीन विशेषणांत संपते. ज्या कथेमुळे ती जपानबाहेर माहीत झाली, त्या कथेला ही विशेषणे पुरत नाहीत असे माझे म्हणणे आहे. ती कथा निव्वळ भुताची गोष्ट म्हणून वाचली, तर तिच्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आपल्याला दिसतच नाही.

ती कथा म्हणजे लाफ्काडिओ हर्न याने इंग्रजीत लिहिलेली ‘युकी-ओन्ना’. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘क्वाइदान’ या संग्रहात ती आहे. ‘क्वाइदान’ म्हणजे अद्भुत, भयचकित करणाऱ्या कथा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हर्न वारला.

हर्नच्या आधीही हिमस्त्री होतीच. सोगी (१४२१–१५०२) या प्रवासी कवीच्या नावावर १६८५ मध्ये छापलेल्या एका कथासंग्रहात तो एचिगो प्रांतात, म्हणजे आजच्या निइगातात, एक प्रचंड उंच, पांढरीफटक स्त्री पाहतो आणि ती नाहीशी होते. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने विलक्षण योनींच्या चित्रसंग्रहात तिचे चित्र काढले. यानागिता कुनिओच्या ‘तोनो मोनोगातारी’ (१९१०) या पुस्तकात तर ती पौर्णिमेच्या हिवाळी रात्री पुष्कळ मुले बरोबर घेऊन खेळायला येते. म्हणून त्या रात्री गावातल्या पोरांनी घसरगुंडी सोडून लवकर घरी यायचे असते. शिवाय ठिकठिकाणच्या तोंडी कथा आहेत. कुठे ती वाटसरूला आपले मूल धरायला देते आणि ते मूल जड होत जाते. कुठे नव्या बायकोला घरचे आग्रहाने गरम पाण्यात अंघोळीला बसवतात आणि पाण्यात बर्फाच्या कांड्यांखेरीज काही उरत नाही. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि डोंगरांना अडून पश्चिम किनाऱ्यावर बर्फ ओततात. ज्या प्रदेशात घराचा खालचा मजला महिनोन् महिने बर्फाखाली असतो, तिथे बर्फाला चेहरा मिळणे साहजिक आहे.

हर्नची गोष्ट मात्र त्या हिमप्रदेशातली नाही. ती मुसाशी प्रांतातली, म्हणजे तोक्योच्या जवळची आहे. ही गोष्ट आपल्याला निशितामा तालुक्यातल्या चोफू इथल्या एका शेतकऱ्याने त्याच्या गावची दंतकथा म्हणून सांगितली, असे हर्नने प्रस्तावनेत नोंदवले आहे. (नकाशात शोधाल तर सावध राहा. तोक्योजवळ चोफू नावाचे मोठे शहर आहे, ते हे नव्हे. हे चोफू आजच्या ओमे शहराच्या हद्दीत, तामा नदीच्या काठी येते.)

गोष्ट

मोसाकू हा म्हातारा लाकूडतोड्या आणि मिनोकिची हा त्याच्या हाताखालचा अठरा वर्षांचा पोरगा. एका संध्याकाळी रानातून परतताना हिमवादळ गाठते. नदीपाशी येतात तर नावाडी होडी पलीकडच्या काठाला लावून गेलेला. पोहणे अशक्य, दोघे नावाड्याच्या खोपटात शिरतात. आत शेगडी नाही, खिडकी नाही, एक दार. म्हातारा लगेच झोपतो. मिनोकिची तोंडावर बर्फ पडल्याने जागा होतो तेव्हा दार उघडे असते आणि पांढऱ्या वस्त्रातली एक स्त्री म्हाताऱ्यावर वाकून श्वास सोडत असते. श्वास पांढऱ्या धुरासारखा. मग ती मिनोकिचीवर वाकते, बराच वेळ पाहत राहते, आणि हसून सांगते की तू तरुण आहेस, देखणा आहेस, म्हणून तुला सोडते; पण आज पाहिलेले कोणालाही, अगदी आईलाही सांगितलेस तर मला कळेल आणि मी तुला मारीन. सकाळी म्हातारा मेलेला सापडतो.

वर्षभराने हिवाळ्यातल्याच एका संध्याकाळी मिनोकिचीला रस्त्यात एक मुलगी भेटते. नाव ओयुकी. आईबाप वारलेले, एदो शहरात कामधंदा शोधायला निघालेली. ती एदोला पोहोचतच नाही. मिनोकिचीची बायको होते. सासू मरताना सुनेचे कौतुक करत मरते. दहा मुले होतात. गावातल्या बायका लवकर म्हाताऱ्या होतात, ओयुकी मात्र आली त्या दिवसासारखीच राहते. एका रात्री मुले झोपलेली असतात आणि ती कागदी दिव्याच्या उजेडात शिवत बसलेली असते. तिच्याकडे पाहता पाहता मिनोकिची म्हणतो की तुला असे पाहून मला अठराव्या वर्षीची एक विचित्र गोष्ट आठवते. ती मान वर न करता सांगायला सांगते. तो सगळे सांगतो. ती शिवण फेकून उठते, ती मीच होते असे किंचाळते, ही मुले नसती तर आत्ता तुला मारले असते म्हणते, मुलांचे काही कमीजास्त झाले तर बघ असे बजावते. आणि बोलता बोलता तिचा आवाज वाऱ्यासारखा पातळ होतो, ती पांढरे धुके होऊन आढ्याकडे चढते आणि छपरातल्या धुराच्या वाटेने निघून जाते. पुन्हा कधी दिसत नाही.

वचन मोडले म्हणजे नेमके काय झाले?

आता इथे थांबा आणि अटीचा शब्दशः अर्थ लावा. अट अशी की कोणालाही सांगायचे नाही. मिनोकिचीने सांगितले कोणाला? जिने अट घातली तिलाच. तुमच्यापैकी ज्यांनी शॅननचा माहितीसिद्धांत (१९४८) शिकला आहे त्यांना चटकन दिसेल : ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या संदेशात माहिती शून्य असते. त्या रात्री मिनोकिचीच्या तोंडून कोणतेही गुपित कोणाकडेही गेले नाही. मुले झोपलेली होती. आईला त्याने कधीच सांगितले नाही. ती बिचारी काही न कळता गेली. गुपित राखणे एवढाच अटीचा हेतू असता, तर तो हेतू त्या क्षणीही शाबूत होता.

वर्गात हे मांडले की एक उत्तर हमखास येते : नियम म्हणजे नियम, ‘कोणालाही’ यात तीही आली. हे उत्तर चूक नाही, पण त्याने फक्त कायदा कळतो, गोष्ट कळत नाही. हर्नने तिचा संताप ज्या पद्धतीने लिहिला आहे ती पाहा. ती आधी ‘तू वचन मोडलेस’ असे म्हणत नाही. आधी येतो तो ‘मी’ हा शब्द, पुन्हा पुन्हा. मग तिचे नाव. अटीची आठवण त्यानंतर. वचनभंगावर चिडलेला माणूस साधारण उलट्या क्रमाने बोलतो.

मग ती कशावर चिडली? मिनोकिचीने काय सांगितले ते पुन्हा वाचा. तुझ्याइतकी गोरी आणि सुंदर स्त्री मी एकदाच पाहिली, असे तो म्हणतो. ती माणूस नव्हती, मला तिची भीती वाटली, असेही म्हणतो. आणि शेवटी, ते स्वप्न होते की काय याची मला अजून खात्री नाही. दहा मुलांच्या आईसमोर, तिच्याच नवऱ्याने, तिचीच गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगावी! तो तिला ओळखत नाही. इतकी वर्षे शेजारी झोपून, दिव्याच्या उजेडात तोच चेहरा तसाच पाहूनही त्याला साम्य जाणवते, ओळख पटत नाही. नाव तर सरळ ‘बर्फ’. गावाने पुरावा पाहिला आणि त्याला नशीब म्हटले. नवऱ्याने पुरावा पाहिला आणि त्याला उपमा म्हटले.

म्हणून मला वाटते की या गोष्टीत माहिती वाहते ती उलट्या दिशेने. सांगणाऱ्याकडून ऐकणारीला काहीच मिळत नाही. ऐकणारीच्या उत्तरातून सांगणाऱ्याला कळते. लग्न आणि अट असलेल्या इतर कथांशी हे ताडून पाहा. क्रौंच पक्षी बायको होऊन येतो ती प्रसिद्ध जपानी कथा घ्या : विणताना आत पाहू नकोस, ही तिथली अट. पाहिले की पाहणाऱ्याला सत्य दिसते. आपल्याकडे उर्वशीची अट पुरूरव्याच्या नग्नतेबद्दल आहे, तीही डोळ्यांचीच. शांतनूवर अट आहे ती गंगेला अडवू नये, जाब विचारू नये अशी. तो आठव्या मुलाच्या वेळी तिला अडवतो, आणि अडवण्यामागे बापाचा ठाम निर्णय असतो. मिनोकिचीने ना काही चोरून पाहिले, ना काही ठरवून विचारले. त्याने जे केले ते कोणताही सुखी संसारी माणूस करतो. रात्री, कामे आटोपल्यावर, बायकोशी मनातले बोलला. त्याचा अपराध असेल तर तो जवळीक हाच. ही अट इतर अटींपेक्षा क्रूर आहे ती यामुळे : नवरा-बायको जितके जवळ येतील तितकी ती मोडण्याची शक्यता वाढते.

मग तीही सुटत नाही. मारीन असे तिने म्हटले होते, मारले नाही. पहिल्या वेळी तरुणपणाकडे पाहून सोडले, दुसऱ्या वेळी मुलांकडे पाहून. वचन दोघांनीही मोडले. ‘घातकी’ हे विशेषण इथे अडखळते. अर्थात, मोसाकूला विसरू नका. तो म्हातारा काही कारण नसताना मेला, आणि त्याला न वाचवण्याचे कारण एवढेच दिसते की तो तरुण व देखणा नव्हता. कथा त्याच्याकडे फारशी वळून पाहत नाही. ओयुकीला केवळ दुखावलेली पत्नी म्हणून वाचणाऱ्यांनी या प्रेताला ओलांडून पुढे जाऊ नये. ती दयाळू नाही. तिची दया निवडक आहे, आणि निवडीचा निकष लहरी आहे. बर्फाचेही तसेच असते.

ही गोष्ट कोणाची?

परीक्षेच्या उत्तरांत ‘एक जपानी लोककथा’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळा. लाफ्काडिओ हर्न १८५० मध्ये लेफ्काडा या ग्रीक बेटावर जन्मला; आई ग्रीक, वडील आयरिश लष्करी डॉक्टर. डब्लिनमध्ये वाढला, अमेरिकेत वार्ताहर झाला, १८९० मध्ये जपानला आला आणि तिथलाच झाला. मात्सुए गावात शिकवताना कोइझुमी सेत्सुशी लग्न केले, १८९६ मध्ये जपानी नागरिक होऊन कोइझुमी याकुमो हे नाव घेतले, आणि तोक्यो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवले.

आई त्याला चारेक वर्षांचा असताना सोडून गेली आणि पुन्हा भेटली नाही. यावरून, मुलांना टाकून जाणारी ओयुकी म्हणजे हर्नची आई, असे वाचन काही समीक्षक करतात. मला हे फार सोपे वाटते. आईने जाताना मुलांच्या वतीने बापाला धमकावून जावे ही टाकल्या गेलेल्या मुलाची इच्छा असू शकते, हे मान्य. पण चरित्राची किल्ली एकदा फिरवली की वाचक कुलूप पाहायचे थांबतो.

चरित्रातला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील दुसराच आहे. हर्नला जपानी ग्रंथ वाचण्याइतके जपानी येत नव्हते. सेत्सु जुनी पुस्तके मिळवून, वाचून त्याला गोष्टी सांगत असे, दोघांच्या घरगुती मोडक्यातोडक्या भाषेत. आपल्या आठवणींत तिने लिहिले आहे की पुस्तकातून वाचून दाखवलेले त्याला चालत नसे. तुझ्या स्वतःच्या शब्दांत, तुला वाटले तसे सांग, असा त्याचा हट्ट असे. रात्री दिव्याची वात बारीक करून ती सांगायची आणि तो श्वास रोखून ऐकायचा. आता गोष्टीतला शेवटचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा : रात्र, मंद दिवा, एक सांगणारा, एक ऐकणारी, नवरा-बायको. फक्त जागा बदलल्या आहेत. ज्या घरात गोष्ट सांगणे हाच संसार होता, त्या घरातून सांगण्याने संसार मोडल्याची गोष्ट बाहेर पडली. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

तेव्हा वाटेचा नकाशा असा : चोफूचा शेतकरी, मग हर्नची इंग्रजी, मग जपानी भाषांतरे, मुलांची पुस्तके, चित्रपट. वाट तिथेही थांबत नाही. १९३० मध्ये जपानी आल्प्समधल्या दंतकथांचे एक पुस्तक निघाले, त्यात शिरोउमा पर्वताची म्हणून जवळपास हीच गोष्ट आहे. ती हर्नच्याच कथेवरून उतरली, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे एका परदेशी माणसाने इंग्रजीत लिहिलेली गोष्ट जपानच्या डोंगरात जाऊन ‘स्थानिक दंतकथा’ झाली. यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही, गोष्टी अशाच प्रवास करतात. पण ‘मूळ, अस्सल लोककथा’ हे शब्द वापरताना हात जरा आखडता घ्यावा. मघाशी पाहिलेले सगळे बारकावे, संतापातला शब्दांचा क्रम, दिवा, शिवण, आपल्याला हर्नच्या शब्दांत मिळतात, आणि समीक्षा शब्दांचीच करता येते.

त्याच्या शब्दांत एक खोटही आहे. ‘ओयुकी’ या नावाला त्याने तळटीप जोडली : अर्थ बर्फ, आणि हे नाव जपानमध्ये काही दुर्मीळ नाही. इंग्रजी वाचकाला अर्थ सांगणे भाग होते, हे खरे. पण ‘युकी’ हा उच्चार जपानीत वेगळ्या चित्रलिपीने ‘सुख’ असाही लिहिता येतो. कानाने ऐकणाऱ्याला संशयाला जागा उरते. हर्नच्या वाचकाला अर्ध्या गोष्टीतच सगळे कळते. अर्थात, त्यामुळे मिनोकिचीचे न ओळखणे आपल्याला जास्त बोचते. तोटा अगदीच वाया गेला नाही.

पडद्यावर

मासाकी कोबायाशीचा ‘क्वाइदान’ (१९६४) हा चित्रपट हर्नच्या चार कथांवर आहे. त्यांपैकी दोनच ‘क्वाइदान’ या पुस्तकातल्या आहेत, बाकीच्या दोन त्याच्या इतर पुस्तकांतून घेतल्या आहेत. पटकथा योको मिझुकी यांची, संगीत तोरू ताकेमित्सुचे. १९६५ मध्ये कानच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. दुसरा भाग ‘हिमस्त्री’. तात्सुया नाकादाई मिनोकिची, केइको किशी युकी. अमेरिकेत प्रथम दाखवला तेव्हा लांबी कमी करायला नेमका हाच भाग गाळला होता!

रान, नदी, आकाश सगळे बंदिस्त जागेत रंगवून उभे केलेले आहे, आणि आकाशात मोठाले डोळे चितारले आहेत. या डोळ्यांचे फार कौतुक होते. मला ते पटत नाहीत. डोळे आले की गोष्ट पाळत ठेवण्याची होते : वर कोणीतरी पाहते आहे, मिनोकिची चुकेल, मग शिक्षा होईल. हर्नच्या गोष्टीत ती वरून पाहत नाही. ती समोर बसून शिवते आहे, आणि पाहायचे असते त्याने. नजरेची दिशाच चित्रपटाने फिरवली.

मात्र शेवटी कोबायाशीने जी भर घातली आहे ती अस्सल आहे. चित्रपटातला मिनोकिची बायकोमुलांसाठी गवती वहाणा विणतो. दोघे बोलत असताना घरातला उबदार पिवळसर उजेड निळा होत जातो आणि खोपटातली रात्र त्या घरात शिरते. ती गेल्यावर तो तिच्यासाठी केलेल्या वहाणा बाहेर बर्फात नेऊन ठेवतो. थोड्या वेळाने त्या तिथे नसतात. हर्नची ओयुकी काही न घेता जाते. कोबायाशीची युकी वहाणा घेऊन जाते. शब्दाने जे मोडले त्यावर तो एकही शब्द न बोलता उत्तर देतो, आणि पहिल्यांदाच ती कोण आहे हे माहीत असताना तिला काही देतो.

अकिरा कुरोसावाच्या ‘ड्रीम्स’ (१९९०) मध्येही एक हिमस्त्री आहे. वादळात दमून पडलेल्या गिर्यारोहकाला ती पांघरूण घालून झोपवू पाहते. तिथे लग्न नाही, अट नाही. गोठून मरताना माणसाला ऊब वाटू लागते, त्या शारीरिक भ्रमालाच तिचे रूप दिले आहे. ती हर्नच्या ओयुकीपेक्षा जुन्या हिमस्त्रीच्या जवळची आहे.

पुढच्या वेळेपर्यंत मूळ कथा वाचून या. ती जेमतेम काही पानांची आहे आणि तिचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. मग कोबायाशीचा दुसरा भाग पाहा. पाहताना दोन गोष्टी टिपून ठेवा : युकी आपली शिवण पहिल्यांदा कधी थांबवते, आणि त्या क्षणी मिनोकिची कुठे पाहत असतो.